कृषी केंद्राच्या काचेतला स्क्रीन

स्क्रीन चालू होता. बाहेरून मात्र नुसता काळा दिसत होता.

"ताई, हा तं बंदच हाय," विनोदभाऊ रस्त्यावरून ओरडले.

"चालू आहे, भाऊ. ऊन बंद करा, लगेच दिसेल."

विनोदभाऊ म्हणजे पांढरकवड्यातल्या एका कृषी केंद्राचे मालक. बियाणं, खत आणि कीटकनाशक विकतात. कंपनीने त्यांना जाहिरातीची फिल्म दिली होती. ती दाखवायला त्यांनी घरातला टीव्ही उचलून दुकानाच्या काचेत ठेवला. घरातला टीव्ही घरासाठी असतो. समोरून ऊन आणि मध्ये काच, म्हटल्यावर त्याचा उजेड पुरत नाही. त्यासाठी जास्त उजेडाचं वेगळं पॅनल लागतं. हे त्यांना पटवण्यात अर्धा दिवस गेला.

माझं काम हेच. दुकानांत डिजिटल डिस्प्ले लावते. पॅनलच्या मागे तळहाताएवढा कॉम्प्युटर असतो, त्याला प्लेयर म्हणतात. कोणत्या चित्रानंतर कोणतं चित्र, ते त्यात भरायचं. ती रांग म्हणजे प्लेलिस्ट. संपली की पहिल्यापासून परत सुरू. नेट असेल तर मी यवतमाळात बसून ती बदलते. नेट नसेल आणि कोणी पेनड्राइव्ह लावला, तर प्लेयर पेनड्राइव्हवरचं दाखवतो. दुकानदारांच्या सोयीसाठी तसं ठेवावंच लागतं.

आता तो डिस्प्ले पाहत कोण होतं, ते सांगते. शेतमालक गाडीवर यायचे, औषध घेऊन निघून जायचे. काचेकडे पाहायला त्यांना फुरसत नव्हती. समोरच्या ओट्यावर मात्र सकाळपासून फवारणीवाले बसलेले असायचे. ज्याला फवारायला माणूस पाहिजे तो औषध घ्यायला इथेच येणार, म्हणून मजुरीही इथेच ठरायची. कंपनीची फिल्म मन लावून पाहणारे एवढेच.

त्या हंगामात बोंडअळीने सगळ्यांची अक्कल पळवली होती. एक औषध चालेना म्हणून दोन, दोन चालेनात म्हणून तीन, तेही एकाच ड्रममध्ये. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. म्हणजे नळी वर धरून मारायचं आणि खाली पडेल ते तोंडावर घ्यायचं. फिल्ममधला माणूस पांढरा शर्ट घालून, कमरेएवढ्या कपाशीत, मास्क न लावता हसत होता.

"हा फवारून राह्यला का लग्नाले चालला?" ओट्यावरचा देवराव म्हणाला.

"त्याच्या पंपात अत्तर असन," बाजूचा बोलला. सगळे हसले.

मला हसू आलं नाही. आमचा एक गट त्या वेळी फवारणीच्या धोक्याची पत्रकं वाटत फिरायचा. मीही फिरायचे. पण पत्रक वाचतो तो माणूस फवारत नाही, तो दुसऱ्याला फवारायला लावतो. इथे फवारणारे आयते समोर बसले होते. मी विनोदभाऊंना सांगितलं, "धोक्याची चित्रंही यात जातील. नाहीतर मी पॅनल काढून नेते."

"धमकी देता का, ताई?"

"हो."

"लावा मंग. कृषीचे सायेब चक्कर मारतेत, त्याइले दाखवाले बरं."

चित्रं मी अक्षर न येणाऱ्यालाही कळतील अशी केली. आधी कवटी. मग डोळ्यांपुढे अंधुक, उलटी, घाम. मग पंप खाली, कपडे काढा, साबणाने अंघोळ. मग दवाखाना, आणि हातात औषधाचा डबा. देवराव उठून काचेजवळ आला.

"डबा कोठून नेऊ? मालक घरीच कालवते अन् ड्रम वावरात पाठवते. आमाले डब्याचं तोंड नाही दिसत."

आमच्या एकाही पत्रकाला हे सुचलं नव्हतं. मी तिथेच उभ्याउभ्या चित्र बदललं. डब्याच्या जागी मालकाचं चित्र काढलं.

"हे बराबर. त्यालेच धरून नेतो," देवराव म्हणाला.

त्याची बायको शिला त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. "काय होतं? मी पाहेपर्यंत गेलंही," ती म्हणाली.

"थांबा थोडं," मी म्हटलं, "परत येतं ते."

आलं. तिने सगळं नीट पाहून घेतलं.

आठवड्याच्या आत कंपनीचा प्रतिनिधी दुकानात येऊन थडकला. त्याने तिथूनच मला फोन लावला.

"मॅडम, शेतकरी याला औषध म्हणतो. तुम्ही कवटी दाखवता. गिऱ्हाईक घाबरून जाईल."

"डब्यावर तुमच्याच कंपनीने कवटी छापली आहे."

"ती छोटी आहे."

हे उत्तर मी बनवलेलं नाही. माणूस शुद्धीत होता, इस्त्रीचे कपडे घालून होता, आणि असं म्हणाला.

मी चित्रं काढायला नकार दिला. पासवर्ड माझ्याकडे होता. त्यांना त्याची गरज पडली नाही. नेटची वायर काढली, कंपनीच्या फिल्मचा पेनड्राइव्ह खोचला, झालं. माझ्या मोबाइलवर पांढरकवड्याचा प्लेयर ऑफलाइन दिसला. मी दारव्ह्याला दुसऱ्या कामावर होते. फोन केला.

"लाइन नाही, ताई, सकाळपासून," विनोदभाऊ म्हणाले.

पुढचं मला शिलाने यवतमाळच्या सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. देवराव दुपारीच वावरातून परत आला. म्हणाला, सगळीकडे धूर दिसून राह्यला. मग उलट्या. घरात कोणी म्हणे ताक पाजा, कोणी म्हणे लिंबू द्या, कोणी म्हणे झोप काढली की उतरते. शिलाला चित्रं आठवत होती, पण कशानंतर काय, ते पक्कं नव्हतं. दिराला त्याच्याजवळ बसवून ती ऑटोने दुकानाशी आली आणि काचेसमोर उभी राहिली.

"म्हटलं, चित्र येईन आता. तो हासराच आला. मंग परत तोच. तुमी म्हणलं होतं न, परत येते म्हणून. मी उभीच होती."

"दुकानात विचारलं नाहीत?"

"विचारलं न. भाऊले म्हटलं, दवाखान्याचं चित्र कवा लागते? म्हणे, उद्या लागन."

ती दुकान बंद होईस्तोवर उभी होती. देवरावला दुसऱ्या दिवशी आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "औषध कोणतं?" कोणालाच माहीत नव्हतं. मालक आला नाही. डबे नाल्यात फेकले, असा त्याने निरोप पाठवला.

"कालच आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. असे किती जण त्यांच्या वॉर्डात पडलेत, ते त्यांनी हात फिरवून दाखवलं. खाटा पुरत नव्हत्या, खाली गाद्या टाकल्या होत्या.

देवराव वाचला. नजर पहिल्यासारखी आली नाही.

मग चौकशीची पथकं फिरायला लागली. विनोदभाऊंचा फोन आला. "ताई, ते कवटीचं लावून द्या न परत. आजच्या आज." मी लावलं. कंपनीनेही नवी फिल्म पाठवली. तोच माणूस, तोच पांढरा शर्ट. आता त्याच्या गळ्यात मास्क होता. नाकावर नाही, गळ्यात. कोणावर काही कारवाई झाली का, असं लोक मला विचारतात. डिस्प्ले अजून तिथेच आहे, दुकान अजून तिथेच आहे.

धंद्यातला माझा धडा एवढाच. जे दिसलंच पाहिजे ते प्लेलिस्टमध्ये टाकू नये. प्लेलिस्ट ज्याच्या हाती प्लग असेल त्याची असते.

पुढच्या फवारणीच्या आधी मी ऑइलपेंट घेऊन देवरावच्या गावी गेले. समाजमंदिराच्या भिंतीवर तीच चित्रं काढायला घेतली. दुरून, रस्त्यावरून दिसावीत म्हणून शिडी लावून वर सुरुवात केली. शिलाने शिडी धरली होती, देवराव बाजूला बसला होता.

"हे पुसून तं नाही न टाकत कोणी?" तिने विचारलं.

"भिंत तुमची आहे. तुम्ही पुसू देऊ नका."

तिने वर पाहिलं, मग देवरावकडे.

"मंग जरा खाली काढा न, ताई. याइले आता जवळूनच दिसते."