उधाणासमोर

उधाणाचा समुद्र खडकांवर आदळत होता, दगडधोंडे भिरकावत होता. ताईने मला जवळच्या बांधावर टेकवून बसवलं होतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जातंतूंच्या आजाराने माझे पाय लुळे पडल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, शांत राहा म्हणतात. आताही पायांत विजेसारख्या कळा उठत होत्या आणि मी दात आवळून गप्प होते.

"ओरड की," ताई म्हणाली. "इथे कोण ऐकतंय?"

मी ओरडले. आजाराला, पायांना, देवालाही तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. घसा फाटला. एका लाटेने दोघींना झोडपून काढलं. माझ्या रागाला स्वतःएवढीच दांडगी जागा हवी होती. कळा थांबल्या नाहीत. पण कित्येक महिन्यांनी मला सडकून भूक लागली.