हरलेल्याचं नाव वर

दादाचे किस्से म्हणजे आमच्या कॅफेतल्या टेबलाखालच्या वायरी. एक ओढली की पाच बाहेर येतात. भेटायला येणारे एक किस्सा सांगतात, हसतात, मग एकदम गप्प होतात. मी म्हणतो, गप्प नका होऊ, अजून एक सांगा.

दादाला जाऊन चार महिने झाले. मी सातवीत शाळा सोडली, त्यामुळे लिहिणं माझं काम नाही. पण सुचलं की थांबता येत नाही, हा माझा जुना रोग!

*

नागपूरच्या जरीपटक्यात आमचा गेमिंग कॅफे आहे, बारा कॉम्प्युटरचा. दारात एक हिरवा फळा. बंद पडलेल्या ट्यूशन क्लासमधून दादानं तो आणला आणि त्यावर गेमिंगच्या जागतिक स्पर्धांचे निकाल लिहायला लागला. लोक क्रिकेटचा स्कोअर लिहितात, हा कोरिया आणि डेन्मार्कचा लिहायचा! आणि नियम त्याचा स्वतःचा : हरलेल्या टीमचं नाव वर, जिंकलेलीचं खाली.

शेजारी टोपनकाकांचं चादरींचं दुकान. एका सकाळी काका संत्रा बर्फीचा डबा घेऊन धावत आले. "अरे भाई, इंडिया टॉप पे है!"

इंडिया पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती.

दादानं डबा परत केला नाही. म्हणाला, "वाटून टाका काका. हरून घरी यायले बी हिंमत लागते." मग रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना बर्फी मिळाली. काकांना ते इतकं पटलं की इंडिया वर दिसली की डबा हजर.

त्या वर्षी आम्ही फार बर्फी खाल्ली!

*

निकाल लागला की लगेच लिहायचा, हा दुसरा नियम. एकदा चीनमधली मॅच आमच्या नाश्त्याच्या वेळी संपली. आईनं तर्री-पोह्याची प्लेट हातात दिली आणि दादा मोबाइल बघत उठलाच. गाडीला किक मारली.

आई दारातून ओरडली, "काहून इतकी घाई गा? खाऊन जा न!"

"जिंकलेल्याले लोकं खांद्यावर घेतात वं आई. हरलेला वाट पाहत बसते, कोनी आपलं नाव घेते का म्हणून."

आई मला म्हणाली, "याचे पोहे तू खा." मी खाल्ले. माझे खाऊन झालेलेच होते, तरी खाल्ले.

*

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. दादानं स्टुलावर चढवलं आणि खडू हातात दिला. मोबाइलमधलं बघून एकेक अक्षर काढायचं. डेन्मार्कच्या पाच खेळाडूंची नावं काढायला मला अख्खी सकाळ लागली. हळूहळू वाचायलाही यायला लागलं.

एकदा मिहानच्या आयटी कंपनीत नोकरी करणारा एक साहेब थांबला. मी भराभर लिहितोय बघून म्हणाला, "कोणत्या कॉलेजचा आहेस?"

दादा आतून ओरडला, "याच फळ्याचा!"

*

मग आमची स्वतःची टीम झाली. नागपूरचे पाच जण, त्यात मी, आणि दादा कोच. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या ऑनलाइन पात्रता फेरीत आमच्यासमोर तुर्कीची टीम आली. दादानं दहादा बजावलं होतं, "भिंतीमागं थांबजो. मी सांगतपर्यंत निघू नको."

मी निघालो. पहिल्याच मिनिटाला मेलो! माझी जागा रिकामी पडली, तिथूनच तुर्कीवाले शिरले. खेळ खलास.

मी संडासात जाऊन कडी लावली. बाहेर आलो तर फळ्यावर वर आमच्या टीमचं नाव, दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत! खाली तुर्की, बारीक.

"इज्जत काढली तू माझी!" मी ओरडलो.

"जगाच्या स्पर्धेत नाव आलं न बे! फोटो काढ, आईले दाखव."

तेवढ्यात टोपनकाका बर्फीचा डबा घेऊन हजर!

*

वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलचा निकाल दादानं दुपारी लिहिला. संध्याकाळी त्याच्या छातीत दुखायला लागलं.

फायनल झाली तेव्हा तो दवाखान्यात होता. आई पाय चेपत होती. त्यानं तोंडावरचा मास्क उचलला. "कोन हरलं?"

"ब्राझील."

"फळ्यावर लिहिलं?"

"हो," मी म्हणालो.

मी कॅफेकडे फिरकलोसुद्धा नव्हतो.

"शाब्बास," दादा म्हणाला. सिस्टर मास्क लावत रागावली, "बोलू नका." मग हळूच मला विचारलं, "कितीनं हरले हो?" त्या सिस्टरचे मी उपकार विसरणार नाही. दादा मास्कच्या आत हसला. दुसऱ्या दिवशी गेला.

*

तेव्हापासून फळ्यावर सेमीफायनलच आहे. दादाचं अक्षर. ते पुसल्याशिवाय फायनलला जागा नाही.

एकदा एका पोराची बॅग घासली आणि एक कोपरा पुसला गेला. मी काही विचार केला नाही, सरळ मेन स्विच पाडला. बारा जणांचे गेम बंद! मग टोपनकाका आले, नव्या चादरीची पारदर्शक पिशवी फाडली आणि फळ्यावर चिकटवून दिली. त्या बारा पोरांनी बिनतक्रार पुन्हा पहिल्यापासून गेम लावला. अशी माणसं मला मिळाली. दादानं जमवलेली, मला फुकट मिळाली.

*

सोमवारपासून यंदाच्या मॅच सुरू होणार. पोरं फळ्याकडे बघतात, विचारत कोणी नाही.

काल दुपारी आई आली. इतक्या वर्षांत ती कॅफेत पहिल्यांदा आली. फळ्यासमोर उभी राहिली.

"वाचून दाखव."

मी वाचलं.

"अन् ब्राझील कुठं आहे?"

आत बाराही जणांचे हात थांबले होते.

आईनं चादरीची पिशवी हळूच काढली, घडी घालून शेजारून आलेल्या टोपनकाकांच्या हातात दिली. माठाच्या पाण्यात फडकं भिजवलं. अख्खा फळा पुसला, कोपऱ्यांसकट. मग खडू माझ्यापुढे धरला.

"लिही बाबू. चार महिन्यांपासून बिचारे वाट पाहून राहिले."