‘टेक’चे चौऱ्याण्णव अर्थ

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे टेकराव म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे म्हणायचं तर आवाजही कोणी फारसा खाली आणत नसे.

कचेरी म्हणजे दोन खोल्या, खाली बाइंडरचं दुकान. चार टेबलांवर चार माणसं इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेत अर्थ लावत बसलेली. टेकरावांच्या वाट्याला ‘टी’ अक्षर आलं होतं. ‘टेबल’ हा शब्द त्यांनी एका सकाळीत उरकला. ‘टेलर’ने दीड दिवस खाल्ला. मग आलं ‘टेक’. टेक म्हणजे घेणे, हे शाळेतलं पोरही सांगेल. टेकरावांनी हिशेब केला, जेवायच्या सुट्टीपर्यंत होईल.

त्याला आता चार वर्षं झाली होती.

कारण औषध टेक केलं की ते घ्यायचं, इथवर ठीक. पण फोटो टेक केला की तो काढायचा. छत्री टेक केली की न्यायची. प्रवासाने दोन तास टेक केले की ते लागायचे. अपमान टेक केला की मुकाट गिळायचा. आपल्याकडे पोरं परीक्षा देतात आणि मास्तर घेतात. इंग्रजीत पोरंच परीक्षा टेक करतात. मग मास्तर काय करतात, या विचारात टेकरावांचा एक आठवडा गेला. कापडाने रंग धरला, मुलगी आईच्या वळणावर गेली, कुत्र्याला पाहुण्याचा लळा लागला, सगळीकडे हेच चार अक्षरी क्रियापद हजर. त्याच्या शेपटाला एखादं ‘ऑफ’ किंवा ‘ओव्हर’ चिकटलं की संसार आणखी वाढायचा.

शिवाय टेकरावांचा स्वतःचा एक दंडक होता. मनाने वाक्य रचायचं नाही. प्रत्येक अर्थाला साक्षीदार हवा. औषधाच्या खोक्यातला कागद, जुनी कादंबरी, शेजारच्या मुलीला परदेशातून आलेलं पत्र, जिथे वाक्य सापडेल तिथून ते चिठ्ठीवर उतरायचं आणि खाली ठिकाण, तारीख. अशा पाचशे बारा चिठ्ठ्या दोन बुटांच्या खोक्यांत जमल्या होत्या. अर्थ भरले चौऱ्याण्णव.

“माझी सवत बरी आहे ना?” बायको रोज संध्याकाळी विचारायची.

“आज दोन नवीन सापडले.”

“हो का! मला चार वर्षांत एक साडी नवीन सापडली नाही.”

म्हणायची असं, पण ऐकून घ्यायची. जेवताना त्यांनी सांगितलेला एकेक अर्थ तिला पाठ झाला होता.

चिठ्ठ्या पक्क्या वहीत उतरवायचं मात्र राहून जात होतं. पक्की वही शाईची, तिच्यात खाडाखोड चालत नसे. आणि सतरावा अर्थ अठराव्यापासून वेगळा धरायचा की दोघांना एकाच घरात नांदवायचं, हे काही टेकरावांचं ठरेना. ठरत आलं की नवी चिठ्ठी यायची आणि सगळी मांडणी विस्कटायची.

चिठ्ठी वहीत उतरली की तिचा वरचा उजवा कोपरा कात्रीने कापायचा, अशी कचेरीची रीत होती. कोपरा गेला म्हणजे चिठ्ठी संपली, ती खाली बाइंडरकडे रवाना. ही रीत कोणी घातली? टेकरावांनीच. पूर्वी ‘स्पून’ वहीत दोनदा आला होता, एकदा चमचा म्हणून आणि एकदा पळी म्हणून. तेव्हापासून.

त्या शुक्रवारी संस्थेचे चिटणीस पाहणीला येणार होते. मागच्या खेपेला ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, “एका क्रियापदाला चार वर्षं? अहो, माझा बंगला दीड वर्षात उभा राहिला!” सगळे हसले होते. टेकरावही हसले होते. ते हसणं त्यांना महिनाभर बोचत होतं.

शुक्रवारी सकाळी ते तासभर आधी आले, कात्री काढली आणि पाचशे बारा चिठ्ठ्यांचे कोपरे कापून टाकले. एक दिवसाचा तर प्रश्न होता. चिटणीस बघतील, जातील, खोकी पुन्हा कपाटात. मग शांतपणे वहीत उतरवू. खोटं बोलायचं नव्हतंच, कोपरेच काय ते बोलणार होते.

आणि ते बोललेही. चिटणीसांनी खोक्यांची झाकणं उघडून अंगठ्याने चिठ्ठ्या फर्रकन चाळल्या. “अरे वा! सुटलात म्हणायचं!” त्यांनी टेकरावांची पाठ थोपटली. मग खोलीभर नजर फिरवली. “इथे पाय ठेवायला जागा नाही. शिपाईमामा, ही झालेली खोकी न्या बरं खाली.”

“आत्ता नेतो, साहेब.”

टेकरावांनी तोंड उघडलं. “राहू द्या, मी नंतर...”

“छे, छे! तुम्ही कशाला ओझी उचलता? मामा, उचला.”

मामांनी एकावर एक खोकं ठेवलं, हनुवटीने दाबलं आणि निघाले. टेकराव बघत राहिले. थांबा म्हणावं तर का थांबा, ते सांगावं लागणार. चिटणीसांचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता. जिन्यावर मामांच्या चपला वाजत खाली गेल्या. चिटणीस बंगल्याच्या गच्चीबद्दल काहीतरी सांगत होते. टेकराव मान हलवत होते. दहा मिनिटं.

चिटणीसांची गाडी हलली तसे ते दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावले. बाइंडरच्या मागल्या अंगणात सिमेंटची टाकी होती, पुठ्ठ्यासाठी रद्दी भिजत घालायची. चिठ्ठ्या तिच्यात होत्या. निळी शाई सुटून पाण्यात पसरत होती, आणि बाइंडर बांबूने लगदा ढवळत होता.

टेकरावांनी बाही न सारताच कोपरापर्यंत हात घातला. हाताला लागली ती एक चिठ्ठी. वरचं सगळं पुसलं होतं. खाली पेन्सिलीने लिहिलेली तारीख तेवढी शाबूत.

“काय हरवलं, साहेब? अंगठी?” बाइंडरने विचारलं.

“नाही.”

“मग काळजी सोडा. पुठ्ठा तुमच्याच कोशाला लागणार आहे. घरचं घरात!”

रविवारी बायको पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी समोर बसली. “चला, मी सांगते, तुम्ही लिहा. जागा धरणे. कोणाची नक्कल करणे. फसणे. धरून चालणे. मनाला लावून घेणे...” बोटांवर मोजत ती त्रेसष्टपर्यंत गेली. टेकरावांना तिचा अभिमान वाटला, पण टाक त्यांनी उचलला नाही.

“लिहीत का नाही?”

“वाक्यं कुठायत? साक्षीदार नाही कशाला.”

“मी आहे ना! चार वर्षं ऐकतेय.”

“तू छापलेली नाहीस,” ते म्हणाले. ती उठून आत गेली, आणि आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

सोमवारी ते संपादकांच्या टेबलापुढे उभे राहिले. रात्रभर जुळवलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं. कात्री, कोपरे, टाकी. वहीत ‘टेक’चं पान कोरं आहे, हेही. नोकरी जाईल, निदान आवाज चढेल, अशी त्यांची तयारी होती. एका अर्थी तेच हवं होतं.

संपादकांनी चष्मा पुसला. “एवढंच ना? अहो, घाबरवलंत मला. चौऱ्याण्णव अर्थ छापणार कोण होतं? ‘टी’ला एकूण पानंच किती आहेत! मी तुम्हाला कसं सांगावं याच विचारात होतो. जुन्या कोशातले आठ घ्या उतरवून. लोक तरी काय बघतात? घेणे, नेणे, लागणे. झालं.”

“पण सर, रंग धरणं? लळा लागणं?”

“इत्यादी लिहा की.”

“चिटणीसांना सांगू?”

“कशाला? ते खूश आहेत. तुम्हीही व्हा.”

टेकराव जागेवर आले. जुना कोश उघडला आणि आठ अर्थ सुवाच्य अक्षरात वहीत उतरवले. खाडाखोड झाली नाही. नवव्या ओळीवर टाक बराच वेळ थांबला. मग त्यांनी ‘इ.’ लिहिलं, टिंब दिलं.

पुढचा शब्द टॅल्कम पावडर होता. अंगाला लावायची सुवासिक भुकटी. अर्थ एक. अकराचा चहा यायच्या आत झाला.