ताईच्या हसण्यासाठी दोन कॅमेरे

कवळीकाकांचं या वयात बाहेर काहीतरी सुरू आहे, ही बातमी आमच्या इमारतीत तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत अर्ध्या दिवसात पोचली. पोचणारच. जिना चढून ती घरोघरी देणारा मीच होतो.

माझाही अगदीच दोष नाही. चौसष्ट वर्षांचा माणूस, दर शनिवारी दुपारी चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, केसांवरून ओला हात फिरवून बाहेर पडतो आणि साडेसहाला गालातल्या गालात काहीतरी पुटपुटत परत येतो. एकदा नाही, सलग चार महिने. त्यात मंडईच्या मागच्या रस्त्यावर, काचेच्या दाराच्या एका दुकानात, एका चाळिशीच्या बाईसमोर काका कोपर टेकून बसलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ती बाई त्यांचं बोलणं हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. आता एवढं पाहिल्यावर तोंड मिटून बसायला मी काय खांब आहे?

बातमी काकूंच्या कानावर गेली तेव्हा त्या भांडी पुसत होत्या. पुसतच राहिल्या. म्हणाल्या, "बाई असती तर पहिल्याच शनिवारी ठरलं असतं. मला हो म्हणायला ह्यांना समोरचा चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नव्हता. चार महिने म्हणजे नक्की काहीतरी विकत घ्यायचं असणार."

आणि तसंच निघालं. काकांना कॅमेरा घ्यायचा होता, आणि ती बाई म्हणजे कॅमेऱ्याच्या दुकानातली विक्रेती. बिचारीनं हनुवटीखाली हात घेतला होता तो प्रेमानं नव्हे, मान पडू नये म्हणून.

काका कवळ्या बनवतात. दातांचा डॉक्टर वेगळा, तो पुढच्या खोलीत पंख्याखाली बसतो आणि लोकांची तोंडं बघतो. काका मागच्या खोलीत. तिथे दिव्याखाली एक लांब टेबल, त्यावर मेणाच्या वड्या, घासायचं यंत्र आणि प्लास्टरचे जबड्यांचे साचे ओळीनं मांडलेले. प्रत्येक साच्यावर पेन्सिलनं नंबर. नाव नाही, गाव नाही. नंबर येतो, काका त्याला दात बसवतात, नंबर जातो. चाळीस वर्षांत हजारो लोकांना त्यांनी खायला-बोलायला लावलं, पण त्यातला एकही माणूस हसताना त्यांनी पाहिलेला नाही. त्यामुळे रस्त्यानं जाताना ते लोकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, ओठांच्या खाली बघतात. एकदा बँकेत खिडकीपलीकडच्या माणसाला म्हणाले, "वरचा संच छान बसलाय हो, माझाच हात आहे तो." त्या माणसाचे स्वतःचे दात होते, जन्मापासूनचे. तेव्हापासून त्या बँकेत काकूच जातात.

पण कॅमेरा लोकांसाठी नव्हता. तो होता ताईसाठी.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, बहात्तर वर्षांची, अंगानं किरकोळ आणि आवाजानं भरघोस. काका सहा वर्षांचे असताना त्यांनी झोपाळ्याची रिकामी फळी जोरात ढकलली होती. ती परत आली, ती वाकून चप्पल शोधणाऱ्या चौदा वर्षांच्या ताईच्या तोंडावर. पुढचा दात अर्धा तुटला. त्या दिवसापासून ताई हसली की उजवा हात आपोआप तोंडावर. लग्नाच्या फोटोत हात, बाळाला मांडीवर घेतलं त्या फोटोत हात, मुलीला नोकरी लागली त्या फोटोतही हात. काकांच्या घरी जुना अल्बम आहे. तो उघडला की वाटतं, ही बाई जन्मभर जांभयाच देत होती.

गेल्या वर्षी ताईचे उरलेसुरले दात काढावे लागले आणि साचा काकांच्या टेबलावर आला. त्यावरही नंबरच होता, पण डॉक्टरांनी सांगायच्या आधी काकांनी ओळखला. जे काम ते सहा दिवसांत उरकतात त्याला अडीच आठवडे लागले. ताईला पांढरेशुभ्र दात हवे होते. काकांनी दिले नाहीत. म्हणाले, बहात्तराव्या वर्षी असे दात फक्त दुकानाच्या पाटीवर शोभतात. वयाला साजेसा किंचित पिवळसर रंग दिला, एक दात मुद्दाम जरासा तिरका ठेवला, आणि तो पुढचा, फळीवाला दात त्यांना तो तुटण्याआधीचा जसा आठवत होता, अगदी तसा घडवला.

कवळी बसली, ताई कणसंसुद्धा खायला लागली, पण हसताना हात तसाच वर. आता लपवायला आत काही नव्हतं. हाताला ते कोण सांगणार?

आणि पुढच्या बुधवारी ताई मुलीकडे कायमची राहायला जाणार होती, आगगाडीनं दोन दिवसांच्या अंतरावर. जायच्या आधी तिचा एक फोटो हवा, उघड्या तोंडानं हसतानाचा, हात खाली असलेला. काकांचं एवढंच म्हणणं. यासाठी चार महिने.

मी म्हटलं, फोन आहे ना तुमच्याकडे. त्यावर काका असे तापले की मी एक पायरी खाली उतरलो. फोन म्हणे दात परस्पर पांढरे करतो, सुरकुत्या पुसतो, विचारतही नाही. चाळीस वर्षं माणसानं रंग जुळवण्यात घालवायची आणि या खिशातल्या डबीनं त्यावर चुना फासायचा!

मग त्याच शनिवारी मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. अफवा पसरवलीच होती, तर खात्री करून घेणं माझं कर्तव्य होतं. काउंटरवर दोन कॅमेरे. एक मिररलेस. म्हणजे काय, तर आत आरसा नसलेला. जी वस्तू आत नाहीच तिच्यावरून नाव ठेवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आमच्या मेव्हण्याला कुणी बिनमिशीचा जावई म्हणावं तसं. पुढे हे एवढं भिंग, गळ्यात पट्टा, उचलला की मनगट जाणवतं. दुसरा छोटा, कॉम्पॅक्ट, शर्टाच्या खिशात मावणारा, चालू केला की नाक पुढे काढणारा.

बाईंनी समजावलं, कदाचित सोळाव्यांदा. मोठ्याच्या आतला सेन्सर टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढा, छोट्याचा करंगळीच्या नखाएवढा. मोठ्यात कमी उजेडातही रंग खरे येतात, फोटो भराभर निघतात. छोटा कुणाच्या लक्षात येत नाही, माणूस मोकळा राहतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून कामाची रंगपट्टी काढली. एका पट्टीवर ओळीनं सोळा दात, पांढऱ्यापासून चहाच्या डागापर्यंत. ती काउंटरवर उभी करून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले आणि भिंग लावून पडद्यावर तपासत बसले. शेजारी एक नवं जोडपं कॅमेरा बघायला आलं होतं. दातांची ओळ दिसताच त्यातली मुलगी नवऱ्याला म्हणाली, आपण नंतर येऊ.

"मोठ्यात रंग खरा आहे," काका म्हणाले, "पण मोठा काढला की माणूस खोटा होतो." हे वाक्य बाईंना पाठ होतं. त्यांनी ते काकांच्या बरोबरीनं, ओठ हलवत म्हटलं. आणि मग त्या काउंटरला कंटाळून म्हणा की काकांना, एक तोड त्यांनीच सुचवली. रविवारपुरते दोन्ही घरी न्या, ओळखपत्र इथे ठेवा, आणि सोमवारी एक परत, एक कायमचा. मात्र पाडू नका.

रविवारी ताई जेवायला आली. मी दोन खुर्च्या द्यायच्या निमित्तानं गेलो आणि त्यातल्याच एकीवर बसलो.

पहिल्यांदा मोठा. काकांनी तो गळ्यात अडकवला आणि ताई ताठ झाली. पदर सारखा केला, केस कानामागे, हात मांडीवर, नजर ओळखपत्रासाठी बसल्यासारखी समोर. काका म्हणाले, हस. ताईनं ओठ मिटून स्मित केलं. काका म्हणाले, असं नाही, मनापासून. ताई म्हणाली, मनापासून हसायला तू समोरून हल. यावर तिचं तिलाच हसू फुटलं, काकांनी बटण दाबलं, आणि त्या यंत्रानं एका सेकंदात वीस फोटो काढले. पहिल्यात हात मांडीवर पण ओठ अजून मिटलेले, दुसऱ्यात जरा वर, मग गळ्यापाशी, आणि ओठ उघडायच्या आत तोंडावर, तो थेट विसाव्यापर्यंत. काय स्वच्छता! बोटातल्या अंगठीवरचा ओरखडा मोजता यावा, नखाखालची हळद दिसावी. एका म्हाताऱ्या हाताचे इतके देखणे फोटो मी तरी कुठे पाहिले नाहीत. दातांचा मात्र पत्ता नाही.

मग छोटा. बेत असा की काकांनी तो खिशात ठेवायचा आणि मी ताईंना हसवायचं. माझ्यावर पहिल्यांदाच कुणीतरी विश्वास टाकला होता. मी ताईंना सांगितलं, तुमच्या भावाचं बाहेर प्रकरण असल्याची बातमी चार मजल्यांवर पोचली होती. ताई आधी भावाकडे बघत राहिली, त्याच्या पोटाकडे, त्याच्या टकलाकडे, आणि मग जी फुटली! काकांनी छोटा बाहेर काढला, चालू केला, त्यानं जर्रर्र करत सावकाश नाक पुढे काढलं, हिरवा चौकोन इकडे गेला, तिकडे गेला, आणि टिक झालं तोवर हात जागेवर. मोठ्यात हात स्वच्छ आला होता, छोट्यात पुसट आला. फरक एवढाच.

काका खुर्चीत बसले. छोटा कॅमेरा तसाच चालू, नाक बाहेर, ताटाशेजारी ठेवून दिला.  भावाला काय टिपायचं होतं ते ताईला कळलं नसेल असं नाही. चौदाव्या वर्षापासूनचं ते, तिला न कळायला काय झालं. आमटीचा ओघळ कॅमेऱ्याकडे निघाला म्हणून काकूंनी छोटा उचलून हातात धरला.

"बघू तुझी तोफ," ताई म्हणाली. बहुधा भावाचं मन राखायला.

काकांनी पट्टा तिच्या गळ्यात घातला. डावा हात भिंगाखाली असा धर, उजव्यानं इथे पकड, डोळा इथे लाव. मापानं ताई कॅमेऱ्यापेक्षा थोडीशीच मोठी असेल. तिनं तो कसाबसा पेलला आणि आत बघितलं.

"अरे, तू दिसतोस की यात. हस बघू."

काकांनी ओठ मिटून स्मित केलं.

"असं नाही. मनापासून."

आता काय करतील? त्यांचंच वाक्य. काकांनी तोंड उघडलं, आणि मी शेजारी असूनही जे सहा वर्षांत नीट पाहिलं नव्हतं ते त्या भिंगातून ताईला पडदाभर दिसलं. वर डावीकडे, पुढून दुसरा, दात नाही. नुसती खिडकी. गावाला कवळ्या पुरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या एका दातासाठी वेळ नव्हता.

ताईच्या पोटातून हसू आलं. उजवा हात निघालाच होता. पण तो निघाला तसा कॅमेरा पुढे कलंडला, आणि काका ओरडले, "सोडू नको, परत द्यायचाय." ताईनं घाबरून दोन्ही हातांनी तो घट्ट धरला, डोळ्याला तसाच लावलेला, आणि हसू काही थांबेना. हात नाही, पदर नाही, काही नाही. अख्खं हसू, अठ्ठावन्न वर्षांचं तुंबलेलं.

टिक.

काकूंनी दाबलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा, एका हातात पुसायचं फडकं धरून.

ताई हसता हसता डोळे टिपत म्हणाली, "फिटलं रे. माझा एक गेला, तुझा एक गेला. फिटलं."

फोटोत वरच्या अर्ध्या भागात काळा कॅमेरा आहे. ताईचे डोळे नाहीत, कपाळ नाही. खालच्या अर्ध्या भागात फक्त हसणं, वरचा संच पूर्ण, खालचा निम्मा. काकू म्हणाल्या, तोंडवळाच आला नाही हो. काकांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, फळीवाल्या दातापाशी थांबले. "रंग बरोबर आहे," एवढंच बोलले, आणि चष्मा पुसायला आत गेले. चष्मा पुसायचं फडकं बाहेरच होतं.

सोमवारी मी पुन्हा त्यांच्याबरोबर दुकानात. छोटाच घेणार यात मला शंका नव्हती. फोटो त्यानंच काढला, खिशात मावतो, काकूंनाही जमला. बाईंनी तर तो फोटो कागदावर काढून दिला आणि छोट्याचं खोकं बाहेर आणून ठेवलं. काकांनी ते हलकेच बाजूला सारलं आणि मोठ्यावर हात ठेवला. ताईला द्यायला, म्हणाले. बुधवारी तिच्या सामानात जाईल. आणि बाईंना पट्टा दोन घरं आखूड करून मागितला.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "अहो काका, त्यांना बटण कुठलं तेसुद्धा माहीत नाही. एवढी तोफ घेऊन फोटो काय काढणार त्या?"

काका पट्ट्याची कडी नीट बसली का ते ओढून बघत म्हणाले, "फोटो नाही काढले तरी चालतील. दोन्ही हात त्यात अडकले पाहिजेत."