घडीची रेघ

बोटाला थुंकी लावायची, ते पायजम्याला पुसायचं आणि त्याच बोटाचं नख कॉम्प्युटरच्या पडद्यावरून हळूच फिरवायचं, ही त्यांची सवय. काचेवर नखाला काय लागणार? तरी फिरवायचे आणि मग म्हणायचे, "थांब बाबा. ही रेघ न्हाई, घडी हाय."

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, लोह्याहून रोज एसटीने नांदेडला यायचे. आमच्या खाजगी कंपनीकडे जुने गावनकाशे स्कॅन करून कॉम्प्युटरवर आणायचं कंत्राट होतं. प्रत्येक नकाशावर तपासणाऱ्याची सही लागे आणि ती सही मामांची. "नोकरीभर माझ्या सहीखालून खोटी रेघ गेली न्हाई," हे ते चहाबरोबर बिस्किटासारखं रोज वाढायचे. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. खरं बोलतं म्हणूनच ते नकोसं होतं.

मी लातूरला इंजिनिअरिंग केलेला. रेघा शोधणारा प्रोग्राम माझ्या ताब्यात होता. चित्रात उजेड आणि काळोख जिथे एकदम बदलतो ते ठिपके तो वेचतो, एका ओळीत पडलेले ठिपके जोडून रेघ धरतो, जाड रेघ सोलून केसाएवढी करतो, तुटलेली जागा भरून काढतो. किती फिकट ठिपका धरायचा, तो आकडा मी ठरवायचो. आकडा चढा ठेवला की शाई उडालेली खरी हद्द गळते. उतरवला की डाग, सुरकुत्या, घड्या, सगळ्यांच्या हद्दी होतात. जुने नकाशे कापडावरचे आणि वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेले, त्यामुळे घड्यांना तोटा नव्हता.

मामा त्या घड्या धरायचे. एकदा मॅनेजरसमोर त्यांनी माझ्या एकाच नकाशातून चौदा काढल्या.

"लातूरकर, तुझं मशीन लई हुशार हाय. पर त्याला शेतात नेऊन आन एकदा."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसू मला पचलं नाही.

त्यांच्या मनात मात्र काही नव्हतं. त्याच दुपारी डब्यातली शेंगाची चटणी माझ्या पोळीवर घालत त्यांनी मला आपली विद्या दिली. "रेघ माणसानं काढलेली असती. हद्दीच्या दगडापासून निघती, दगडापाशी थांबती. मधी बांध वाकडा असला तर वाकती. घडी कुणासाठी थांबत न्हाई, या टोकापासून त्या टोकापोतर सरळ जाती. तरी शंका आली तर कापडावर नख फिरव. शाई गुळगुळीत लागती, घडी अडती."

इतकं मला कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. आणि मी त्याचा उपयोग केला.

लोह्याजवळच्याच एका गावचा नकाशा होता. एक घडी दोन शेतांमधून जात होती. प्रोग्रामने पकडलेली ती रेघ मी दोन्ही बाजूंनी कापली, एका हद्दीच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतच ठेवली. मध्ये हलकासा वाक दिला. खालच्या स्कॅनमधली घडीची सावलीही पुसून टाकली. मग शेजारच्या दोघांना डोळा मारला आणि मामांना हाक दिली.

ते बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. नख फिरवलं.

"कापड बगायला मिळंल का रे?"

"कापड परत गेलं, मामा."

कापड माझ्या मागच्या कपाटात होतं.

"तू नीट बगितलंस ना?"

"हो."

"मंग झालं," म्हणाले आणि सही केली.

मी खुर्ची सरकवून उठलो, कपाट उघडलं, कापड मॅनेजरच्या टेबलावर पसरलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बघा सर, आपले तपासणारे." मॅनेजरला निमित्तच हवं होतं. माणसापायी काम रखडतं असं त्याचं केव्हापासून चाललं होतं. त्याने कापडाकडे नीट पाहिलंही नाही, मामांना उद्यापासून येऊ नका म्हणाला. मामांनी मात्र वाकून कापडावर नख फिरवलं. ते अडलं. मग त्यांनी डब्याची पिशवी उचलली. जिन्यापर्यंत गेल्यावर आमच्यातला एकजण ओरडला, "मामा, थांबा, घडी हाय!" आणि ऑफिसभर हशा पिकला. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ती रेघ मी संध्याकाळी पुसणार होतो. पण मॅनेजरने सह्या झालेले सगळे नकाशे दुपारीच मोजणी खात्याकडे पाठवून दिले. परत मागवायचे तर झालेला प्रकार लिहून द्यावा लागला असता. मी लिहिलं नाही.

पुढे गावात त्या नकाशावरून मोजणी झाली आणि एका विधवा बाईची विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत गेली. बाई त्याच विहिरीवर भाजीपाला करून घर चालवायची. आणि शेजारी निघाला मामांच्या भावकीतला. मग काय विचारता! मामांनी पैसे खाऊन रेघ सरकवली, हे लोह्याच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी झालं.

मामा आले. खाली फाटकापाशी उभे राहिले. मी उतरलो.

"लातूरकर, दोन ओळी लिहून दे. ती बाई माझ्या दारात बसून रडून राहिली. तिला काय सांगू?"

"मामा, सही तुमची आहे."

"सही माझीच हाय. पर रेघ तुझी हाय ना बाबा?"

मी वर निघून आलो. ते आणखी दोनदा आले. दुसऱ्या वेळी मी वॉचमनला सांगितलं, मी रजेवर आहे म्हण. खिडकीतून दिसत होतं, ते उन्हात तासभर उभे होते. मला त्यांची दया आली नाही, राग आला. जायला काय होतं यांना, असं वाटत होतं.

नंतर ते आले नाहीत. मामा वारल्याचं कळलं तेव्हा मी लोह्याला त्यांच्या घरी गेलो. का गेलो, तेही नीट सांगता येत नाही. ओसरीवर सतरंजी अंथरली होती, तिच्यावर कोणी नव्हतं. दहावा-अकरावा दिवस असेल, पण गावातलं कोणी फिरकत नव्हतं. मामींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"तुमी संगंच कामाला होता म्हणं."

"हो."

"मरंस्तोवर म्हणत होते, म्या न्हाई, म्या न्हाई. लोकं तर म्हणतेत पैसे घेतले. तुमी शिकलेले मानसं, तुमाला ठावं असंल. खरं सांगा, घेतले होते का वो त्यांनी?"

मी तांब्या खाली ठेवला. "मला काही माहीत नाही, मामी."

मामी पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "संगं काम करनाऱ्याला बी ठावं न्हाई... मंग घेतलेच असतील."