स्वतःलाच अडवणारा दारवान

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जुगारघराचे दारवान होते. पाटीवर 'करमणूक केंद्र' असं सोज्वळ नाव होतं, सरकारी परवाना होता, करही भरला जायचा. पण आत यंत्रांसमोर बसून लोक जुगारच खेळत. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे त्यांची नोकरी मी रोज पाहिलेली आहे.

एकवीस वर्षांखालच्या कुणालाही आत सोडायचं नाही, असा कायदा. इतर दारवान ओळखपत्राच्या कार्डावर नजर टाकल्यासारखं करत आणि बाजूला होत. भाऊजी कार्ड हातात घेत, पालथं धरत आणि गप्पा मारल्यासारखं विचारत, "शाळा सोडून किती वर्षं झाली रे?" दुसऱ्याचं कार्ड घेऊन आलेला पोरगा जन्मतारीख घोकून आलेला असे, पण या प्रश्नाला हमखास अडखळे. मग "घरी जा, बाळा," एवढंच. मालकाच्या पुतण्यालाही त्यांनी पायरीवरून असंच परत पाठवलं होतं. पोरांनी त्यांचं नाव 'कुलूप' ठेवलं होतं.

मला त्यांच्या या ताठ्याचा रागही येई. मी चिडवायचो, "भाऊजी, राखता तर जुगाराचंच दार, आणि थाट देवळाच्या पुजाऱ्याचा."

"दार आहे म्हणून अडवता तरी येतं," ते म्हणत.

एकदा दुकानात आले ते खुशीत होते. "पोरगा हल्ली माझे फोटो काढतो. म्हणतो, बाबा, इकडे बघा, डोळे मिटा, आता हसा." माझा सतरा वर्षांचा भाचा घरात कुणाशी धड बोलत नसे, म्हणून बापाला त्याचं केवढं अप्रूप! फोटोआधी ते केस विंचरून बसतात, असं ताई हसत सांगायची.

मग एका दुपारी, माझ्या दुकानात उभे असतानाच, त्यांना फोन आला. जुगारावरच्या करातून एक मदत केंद्र चालतं, तिथल्या बाई होत्या. जे प्रमाणाबाहेर खेळतात त्यांची विचारपूस करणं हे त्यांचं काम.

"तुम्ही मोबाईलवर फार जुगार खेळताय. झोपता तरी कधी?"

भाऊजींना हसू आलं. "बाई, मी दारवान आहे. मी पत्त्यालासुद्धा हात लावत नाही."

"पण खातं तुमच्या नावावर आहे, आणि वयाच्या खात्रीसाठी चेहराही तुमचाच दिलाय. हसताय तुम्ही त्यात."

भाऊजींनी फोन ठेवला आणि थेट घराकडे निघाले; मीही मागोमाग गेलो.

घरी भाच्याने काही नाकारलं नाही. "बाहेरच्या दारावर तुम्ही होतात, मग मी जाणार कुठून?" एवढं म्हणाला आणि रडायला लागला. त्याचा नाद सुटतच नव्हता. एक खातं बंद केलं की बापाच्या चेहऱ्यावर तो दुसरं उघडत होता. माझं डोकं फिरलं. म्हटलं, दोन ठेवून द्या आणि फोन फोडून टाका.

"फोन मित्राचाही मिळेल," भाऊजी म्हणाले. "चेहरा माझा लागतो."

केंद्रातल्या बाईंनी उपाय सांगितला. भाऊजींनी स्वतःवर बंदी घालून घ्यायची. मग त्यांच्या नावाने नि चेहऱ्याने कुठेच खातं उघडणार नाही, आणि कित्येक वर्षं ही बंदी मागेही घेता येणार नाही. मात्र अशा माणसाला जुगारघराचा उंबरठा ओलांडायची मनाई असते, अगदी नोकरीसाठीसुद्धा. ताईचं घर त्याच पगारावर चालत होतं. मालक म्हणाला, कशाला सही करता, पोराला समजावू की. मलाही तेव्हा ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू?

भाऊजींनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गणवेश परत द्यायला आले. कपड्यांची घडी भाच्याच्या हातात होती. दारावर भाऊजींच्याच हाताखाली शिकलेली मुलगी उभी. तिने त्यांचं कार्ड दारावरच्या तपासणीच्या यंत्राला लावलं. लाल दिवा लागला. तिने हात आडवा धरला, पण तिचे डोळे भरून आले.

"त्यांना सोडा ना आत," भाचा म्हणाला. "चूक माझी आहे."

"काकांनीच शिकवलंय मला," ती म्हणाली, "कुणीही गयावया केली तरी सोडायचं नाही."

"बरोबर," भाऊजी म्हणाले.

बापाला बंदी आणि मुलाचं वय कमी, त्यामुळे दोघांनाही आत जाता येईना. मी रस्ता ओलांडला, भाच्याच्या हातातली घडी घेतली आणि त्या दारातून पहिल्यांदाच आत गेलो. बाहेर आलो तेव्हा दोघे अजून पायरीखालीच उभे होते. भाऊजींनी एकदा दाराकडे पाहिलं आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी चल, बाळा," ते म्हणाले.