बांधाकडची माती

दिलावरचा जेसीबी सोमवारी सकाळी यायचा होता, आणि शुक्रवारपासूनच मेजरांच्या पायाला भिंगरी लागली होती. अंगणातून बागेत, बागेतून विहिरीवर, विहिरीवरून पुन्हा अंगणात. चहा दोनदा गार झाला. डाळिंबाची बाग उपटून टाकायची, हा हुकूम त्यांचाच होता. पण मनापासून हुकूम सोडलेला माणूस अशा येरझाऱ्या घालत नाही, हे त्यांच्या बायकोला, राहीबाईंना, दिसत होतं. 

मेजर म्हणजे लालासाहेब; ते निवृत्त झाले हवालदार म्हणून. पण आटपाडी-म्हसवड भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या अंगात एक गोष्ट अशी भिनली की ती काही केल्या उतरेना. साहेब तपासणीला येणार म्हटलं की सगळं चकाचक हवं. बूट, बक्कल, बिछाना. मळकं असेल ते मागं दडवायचं आणि चांगलं असेल ते पुढं मांडायचं. फौजेत ते चालून गेलं.

बाग मात्र राहीबाईंची. नवरा सरहद्दीवर असताना नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मुरमाड माळावर चारशे रोपं लावली. पहिला उन्हाळा टँकरच्या पाण्यावर काढला, एकेका रोपाला तांब्यानं पाणी घातलं. पहिलं रोप वाऱ्यानं मोडू नये म्हणून आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून ते काठीला बांधलं. झाड जाड झालं, काठी कुजून गेली, तरी दरवर्षी त्या पट्टी सोडायच्या आणि खोडाभोवती जरा सैल करून पुन्हा बांधायच्या. बाग बघायला सांगोल्याकडचे लोक यायचे.

तीन वर्षांपूर्वी मेजर घरी आले आणि त्यांनी बागेचा ताबा घेतला. झाडाखाली पालापाचोळा, अर्धवट कुजलेलं शेण, गवत! मेजरांना बघवेना. महिनाभरात झाडांची आळी अंगणासारखी झाडून निघाली. सगळा कचरा ओढून त्यांनी उत्तरेच्या बांधाला ढीग लावला. खोडांना गेरूचे पट्टे मारले, तेही दोरी धरून, सगळे एका उंचीवर. राहीबाई एवढंच म्हणाल्या, "आवं, बाग हाय ती. पलटण न्हवं."

मेजर हसले होते. आता त्यांना ते हसू आठवलं की कानशिलं तापत.

कारण पुढच्या वर्षी झाडांचे शेंडे पिवळे पडायला लागले. जुनी पानं बरी असायची, पण नवी पालवी फुटायची तीच पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं पान फिकुटलेलं. फुलं गळाली, फळं लिंबाएवढीच राहिली. मेजरांना चैन पडेना. कुणी सांगेल ते औषध फवारलं, कुणी सांगेल ते खत टाकलं, आज केलेल्या उपायाचा गुण यायला उद्यापर्यंतसुद्धा दम धरला नाही. शेवटी मातीचा नमुना तपासणी केंद्रात दिला. अहवाल आला: लोह पुरेसं, जस्त पुरेसं, सगळं उत्तम. मेजरांनी तो आटपाडीतून प्लास्टिकचं आवरण घालून आणला आणि सोप्यात टांगला. माती चांगली, मग झाडंच नासकी. काढा झाडं!

शनिवारी दुपारी फटफटीवरून क्रांतीताई आल्या. तपासणी केंद्रात काम करणाऱ्या, वयानं तरुणच. राहीबाईंनीच अहवालावरचा नंबर फिरवून त्यांना बोलावलं होतं, नवऱ्याला न विचारता. क्रांतीताई बागभर फिरल्या. पिवळा शेंडा उन्हात धरून बघितला, मग हातातल्या अहवालाकडं बघितलं.

"मेजर, हा कागद आणि ही बाग जुळत नाहीत. नमुना नक्की कुठून घेतला?"

मेजरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

त्यांना नेमकं ठाऊक होतं. चारशे झाडांत बारा झाडं अजून हिरवीगार होती, उत्तरेच्या बांधालगतची. माती सरकारी माणसांच्या पुढ्यात जायची, म्हणजे तपासणीच ती! पांढऱ्याफटक मुरमाची लाज वाटून त्यांनी त्या बारा झाडांखालची काळी माती घेतली. वर ती चाळली, पांढरे खडे एकेक करून वेचून टाकले, आणि इस्त्री केलेल्या पिशवीत भरून दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बागंतलीच हाय," मेजर म्हणाले. "जागजागची."

क्रांतीताईंनी खांदे पाडले. "मग मातीत दोष नाही. मुळांचाच काही रोग असेल. तुम्ही काढायचं ठरवलंय ते बरोबरच म्हणायचं."

राहीबाईंनी मान हलवली.  पहिल्या झाडापाशी गेल्या, खाली बसल्या आणि लुगड्याच्या पट्टीची गाठ सोडायला लागल्या. ऊन-पावसानं गाठ आवळली होती, सुटेना. त्या नखानं एकेक पीळ उकलत होत्या. मेजर बघत उभे राहिले. गोळीबारात उभा राहिलेला माणूस, पण त्या बोटांकडं बघणं त्यांना झेपेना. दोन पावलं मागं गेले, चार पुढं आले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"थांब, राही. सोडू नगंस."

"आता कशाला ऱ्हाऊ द्यायची?"

"माती बांधाकडची हाय. त्या बारा झाडांखालची." मेजरांनी बांधाकडं बोट केलं. "मी खोटं बोललो. आपली माती पांढरी, खडकाळ. दाखवायची लाज वाटली मला."

राहीबाईंचा हात गाठीवर तसाच थांबला. "माज्या मातीची लाज वाटली तुमास्नी?" एवढंच त्या म्हणाल्या. मेजरांना चोवीस वर्षांत इतकं कुणी झोडपलं नव्हतं.

क्रांतीताई मात्र बांधाकडं धावतच गेल्या. ढीग पायानं उकरला. खालचा पाला कुजून भुसभुशीत झाला होता, त्यात बारा झाडांची पांढरी मुळं शिरली होती. त्यांनी हाक मारली आणि सांगितलं ते असं. या माळाच्या मातीत लोह आहे, पण चुनखडी त्याला धरून ठेवते, मुळाला घेऊ देत नाही. कुजलेला पाला आणि शेण ते लोह सोडवून मुळाच्या तोंडी देतात. "मेजर, तुम्ही झाडाचं जेवण झाडून बांधाला टाकलं, आणि त्याच जेवणाची माती मला तपासायला दिली."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

संध्याकाळपर्यंत तिघांनी नवा नमुना घेतला. सगळ्यात पिवळ्या झाडांखाली, पंधरा ठिकाणी, वीतभर खोल. घमेल्यात माती कालवताना मेजरांची बोटं सवयीनं पांढऱ्या खड्यांकडं गेली. राहीबाईंनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. जशी हाय तशी जाऊ द्या."

सोमवारी दिलावर मशीन घेऊन हजर. "कुठनं सुरुवात करू, मेजर?"

"बांधाकडनं. त्यो ढीग उचल आणि बागंत आणून टाक."

दिलावर बघतच राहिला. "आवं, लोक कचरा भायेर काडत्यात."

"मीबी काडला व्हता गड्या. भर आता."

नवा अहवाल आला त्यात मुळाला घेता येईल असं लोह कमी, जस्त कमी, चुनखडी भरपूर. मेजरांनी तोही आवरण घालून जुन्याच्या शेजारी टांगला. आल्या-गेल्याला दोन्ही दाखवत आणि स्वतःची फजिती स्वतःच सांगत. क्रांतीताईंनी सांगितल्याप्रमाणं हिराकस, म्हणजे लोहाचं खत, शेणकाल्यात भिजत ठेवून झाडांना घातलं. वास येई, हात काळे होत, नखांत घाण राही. मेजर मुकाट्यानं करीत. पण जिवाला घोर होताच. दिवसातून दहा वेळा शेंडे बघायचे, बोटांनी पालवी चाचपायचे. पिवळी पानं पिवळीच राहिली. "ती न्हाईत सुधारायची," राहीबाई म्हणायच्या. "फुटंल ते बघा."

चौथ्या आठवड्यात, सकाळी, मेजर ओरडत घरी आले. "राही! चल, पयल्या झाडाला बघ!"

शेंड्याला बोटभर नवी पालवी होती. तांबूस कड, मध्ये दाट हिरवं. राहीबाईंनी ती बघितली आणि पदराच्या टोकातून लुगड्याची पट्टी काढली. त्या शनिवारी अर्धी सोडलेली गाठ त्यांनी नंतर पुरी सोडली होती. महिनाभर पट्टी त्यांच्याजवळच होती, आणि मेजरांना विचारायचा धीर झाला नव्हता.

त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली. "बांधा तुमीच."

मेजरांनी फौजी गाठ मारली, करकचून. राहीबाईंनी मान हलवली. मेजरांनी ती सोडली, पुन्हा बांधली, तरी घट्टच. तिसऱ्या खेपेला त्यांनी गाठीखाली एक बोट घालून ठेवलं.

"अजून सैल," राहीबाई म्हणाल्या. "झाड वाढणार हाय."